डाग

परवा पुन्हा एक जण आला.
लंडनचा. चामड्याचं जाकीट, करकरणारे नवे बूट.
म्हणाला, ड्युई स्ट्रॅकनचा आवाज पाहिजे,
दुसऱ्या रेकॉर्डवरचा, ओल्या पत्र्यासारखा तो.
मी म्हटलं, बसा.
आवाज काही खुंटीला टांगलेला नसतो, पण बसा.

त्याच्याकडे कंपनीचा गुळगुळीत कागद होता:
ड्युईच्या लाल गिटारची हुबेहूब प्रत,
मोजक्या तीनशे, चार हजार पौंडांना एक.
पाठीवर बकलाचे ओरखडे,
कोपराखालचा रंग उडालेला,
आणि वर, तिसऱ्या खुंटीशेजारी,
सिगारेटचा डाग. ‘अस्सल जागी’ असं छापलंय.
तो म्हणे हातानं देतात,
जावामधल्या एका कारखान्यात.
एका बाईचं दिवसभर तेवढंच काम,
सळई तापवायची, कोऱ्या लाकडाला चटका द्यायचा,
फुंकर मारून पुढची घ्यायची.

मला कधी कधी त्या बाईची आठवण येते,
न पाहिलेल्या माणसाची येते तशी.
तिला कुणी सांगितलं नसणार
की डाग ड्युईचा नाही. माझा आहे.

बहात्तर साल. पर्थच्या रस्त्यावर व्हॅन बंद पडली,
मी पेटती सिगारेट तारांच्या टोकात खोचली,
बॉनेट उघडायला उतरलो
आणि विसरलो.
ड्युई आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.
गिटार त्याची नव्हतीच मुळी,
त्याच्या आईनं कॅटलॉगमधून वीस हप्त्यांवर घेतलेली.
जपानी. त्या पानावरची सगळ्यात स्वस्त.
बाई ज्यूट गिरणीत मागावर, कानानं अर्धी बहिरी,
नवरा घरी किटली तापवत बसलेला,
आणि अजून सात हप्ते फिटायचे होते.
तिला दिसू नये म्हणून आम्ही डागावर
फुटबॉल क्लबाचा स्टिकर डकवला.
मरेपर्यंत ती सांगायची,
आमच्या पोराला त्या क्लबाचं भारी वेड.
पोराला तर ऑफसाइडही कळत नव्हता.

तीच गिटार आता एडिंबरात काचेमागे आहे.
दिव्याखाली डागाचा दागिना झालाय.
लंडनवाल्याला हे सगळं सांगितलं.
तो मनापासून हसला,
आणि कागदाची घडी घालून गेला.

शनिवारी मिरेन आली. पंधरा वर्षांची असेल.
उन्हाळाभर ब्लेअरगाउरीला रासबेरी तोडलेली,
नखांच्या कडा अजून लाल.
आइस्क्रीमच्या डब्यातून ब्याण्णव पौंड
काउंटरवर ओतले, त्यात एक बटणही.
‘ड्युईसारखी हवी. पण स्वस्त.’

मी काही बोललो नाही.
भिंतीवरून काळी काढली, बिननावाची.
मागे बारीक अक्षरांत सुराबाया लिहिलेलं.
तिच्या पडद्यांच्या कडा बोटं कापायच्या,
त्या मी हिवाळ्यात घासून ठेवल्या होत्या,
एक सुटलेली तार जोडली होती,
प्लॅस्टिकच्या जागी हाडाचा तुकडा बसवला होता.
तेवढ्यानं काळी बोलायला लागली होती.
चिठ्ठीवर एकशे चाळीस.
चिठ्ठी मी खिशात घातली.

तिनं वाजवली. दोन कॉर्ड बरे, तिसरा भयंकर.
पुन्हा तिसराच वाजवला. पुन्हा भयंकर.
चौथ्यांदा ओठ चावून वाजवला
आणि मान वर न करता विचारलं, पट्टा फुकट ना?
नाही, मी म्हटलं. मग दिला.

दारापर्यंत पोचवायला गेलो.
पाऊस थांबलेला, टे नदीवरून वारा.
दारात उभं राहून मी सिगारेट पेटवली,
दुसऱ्या हातात तिची गिटार,
ती कोटाची बटणं लावेपर्यंत धरलेली.
तिनं माझ्या हाताकडे पाहिलं,
मग गिटारकडे, आणि ती ओढूनच घेतली.
‘आजोबा, जरा लांब धरा,’ म्हणाली,
‘डाग पडेल.’