शंभरात सहा

ओदिलाँ गान्ये माझ्या हातांवर दोन सळ्या ठेवतो,
करंगळीएवढ्या, एकाच मापाच्या.
"डोळे मीट. कुठली कुठली, सांग."
मिटायची गरजच नाही.
उजवा हात आपसूक खाली जातो,
डाव्यात जणू कुणी काही ठेवायचं म्हणून राहून गेलं.
"पावणेतीन आणि सव्वाआठ," तो म्हणतो, "पाण्याच्या किती पट, ते.
बाकीचं सगळं भांडण नंतर."

नदीपलीकडे माँट्रियलचे दिवे.
इकडे लाँगयमध्ये रात्रपाळी, बाहेर उणे बावीस.
शेडच्या या टोकाला अॅल्युमिनियम, त्या टोकाला निकेल,
मधे कॉफीचं यंत्र, कायम बंद.

हे टोक ओदिलाँचं.
त्याचा बाप आर्विदाच्या भट्ट्यांवर जायचा
मनगटावरचं घड्याळ घरी काढून ठेवून;
तिथल्या विजेच्या ओढीनं काटे थांबत.
लेथवर ओदिलाँ नवख्यांना दटावतो:
मऊ सापडलं म्हणून कोपरानं खणू नये,
चिकटतं पात्याला, मग बसा खरवडत.
त्याचं यंत्र सळई वाकवत फिरवतं, फिरवत वाकवतं.
पोलाद बारीकसारीक त्रास सोडून देतं,
एका रेषेखालचं त्याच्या हिशेबातच नसतं.
हे सोडत नाही.
तीन कोटी बारा लाख फेऱ्यांनंतर,
कुणी हात लावलेला नसताना,
तट् करून दोन तुकडे.
"माझी थोरली बहीण," ओदिलाँ म्हणतो आणि आकडा लिहून घेतो.

त्या टोकाला सिर्का केटुनेन, सडबरीची.
गंधकाच्या धुरानं काळे पडलेले खडक तिनं पाहिलेत,
एकही झाड नसलेले.
सतराव्या वर्षी, उन्हाळी रोजगार म्हणून,
तिनं त्यांच्यावर पाठीवरून चुन्याच्या गोण्या वाहिल्या.
आता तिथे बर्च आहेत. ती याबद्दल फारसं बोलत नाही.
तिच्या भट्टीत नऊशे ऐंशी अंश,
सळईच्या पायाला वजन, आज बहात्तरावा दिवस.
लांबते, नाही असं नाही,
पण रोज इतकं कमी की विचारायचीही लाज वाटावी.
ओदिलाँची सळई दोनशेलाच हळवी होते,
साडेसहाशेच्या पुढे नुसतं थारोळं.
आणि कापायला जावं, तर निकेल
जिथं घाव बसला तिथंच आणखी घट्ट.
एका पाळीत चार पाती खाल्ली काल.

पहाटे दोन चाळीसला वजन खाली आदळलं.
सिर्कानं तुकडा घासला, आम्लात बुडवला,
सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला,
आणि पहिल्यांदाच त्या टोकावरून हाक मारली,
"गान्ये, इकडे ये."

चौकोन. चौकोनाला लागून चौकोन,
कुणी दोरी धरून बसवल्यासारखे,
आणि तुटल्या जागेजवळ
ओढीला आडवे होऊन एकमेकांना बिलगलेले.
"हे काय आहे?"
"तीनास एक. तीन निकेल, एक तुझं.
सबंध सळईत वजनानं शंभरात सहा भाग,
भाजीतल्या मिठागत.
ते नसतं तर पहिल्याच रात्री गेली असती.
तापलं की हे चौकोन ढिले पडत नाहीत, उलट आवळतात,
बरंच वरपर्यंत.
आणि वर ही साय दिसते? तीही तुझीच.
हिच्यामुळे आतलं जळत नाही."

ओदिलाँनं चष्मा कपाळावर चढवला,
खाली आणला, परत पाहिलं.
"सहा?" तो म्हणाला. "मला पाच वाटलं होतं."
आणि आपल्या आकड्यांकडे निघून गेला.
थोड्या वेळानं कॉफीच्या यंत्राचं झाकण उघडून
बराच वेळ आत डोकावत होता.

सकाळी त्या दोन सळ्या मी कोटाच्या एकाच खिशात टाकल्या.
बसथांब्यावर हातमोजा काढून मूठ मिटली.
हलक्या सळईनं आधी चटका दिला थंडीचा,
मग तीच आधी ऊब झाली.
जड सळई पूल ओलांडेपर्यंत
माझ्याशी काही बोलायला तयार नव्हती.