इतर

पोलीस ठाण्यातल्या अर्जावर रकाने होते :
भजन, दंडार, ऑर्केस्ट्रा, लग्न, मिरवणूक.
मुन्शी म्हणाला, "तुझं कशात बसते?"
म्हटलं, बसत नाही, उभं राहते.
एक माणूस उभा राहून बोलतो,
बाकीचे बसून हसतात.
"कोणाले हसतात?"
ह्याचं उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हतं.
त्यानं खूण केली : इतर.

मंडप माझा, खुर्च्या माझ्या, माइकही माझाच.
लाखांदूरच्या अलीकडे बंद पडलेली राइस मिल,
तिथं चाळीस खुर्च्या मांडल्या.
पहिल्या शुक्रवारी नऊ माणसं आली.
दोघं फोन चार्ज करायला.
एक म्हातारी विचारत होती, तेरवी कोणाची?
आणि एकानं शेवटपर्यंत वाट पाहिली
की आता हे साबण विकायला काढतील.

मी माझा विनोद केला :
सकाळी हाच माइक लग्नात, दुपारी पोलिओत, रात्री तेरवीत.
त्याले विचारलं, बाप्पा, तुले जमते कोठी?
म्हणे तेरवीत. तेथी सारे चांगलंच बोलतात.

कोंडा उडत होता. कोणीतरी खोकललं.
घरी जाताना मी तो खोकला
हसण्यात धरला.

डोमाजीबुवा शहारे, ऐंशीच्या पुढचे,
खडी गंमतीत नाच्या असायचे,
बोलताना हात अजून कमरेवर जातो.
पाच शुक्रवार मागच्या खुर्चीत गप्प.
सहाव्याला म्हणाले,
"स्टँडप म्हणतेस ना? आम्ही का बसून करत होतो?
खडीच होती आमची.
तुमची फक्त ढोलकी चोरीले गेली."
मग हळूच,
"शब्द टाकला का थांब, पोट्ट्या.
तळ्यात गरी टाकल्यावानी.
तू ओढू नको.
तो ओढीन."

मी अजून ओढतोच.
छकुली लंजेला मात्र पहिल्याच दिवशी समजलं.
आशा वर्कर ती, थांबायची सवय दारोदारची.
माइक नीट धरताही येत नव्हता, लाटण्यासारखा धरला, म्हणाली,
"अकरा वर्षं मी गोळ्या घेऊन जाते,
लोक मले पाहून दार लावतात.
आज पहिल्यांदाच दार लागलं
आणि मी आत आहो."

पुढच्या रांगेत सरपंचबाईंचे यजमान,
ज्यांना सारं गाव सरपंच म्हणते.
छकुलीनं त्यांच्याकडे बघितलं. मी आवाज कमी करायला धावलो.
"ग्रामसभेचा कागद बाईसमोर आला, बाईनं सही केली.
मी विचारलं, वाचली काय?
म्हणे, वाचली ना. माझीच आहे."

कोणी हसलं नाही.
एकतीस माना वळल्या, एकाच तोंडाकडे,
परवानगी तिथून मिळते का बघायला.
मुन्शीच्या प्रश्नाची तेव्हा आठवण झाली मला.

आणि लाइन गेली.

मिलभर काळोख. कोणाचंच तोंड कोणाला दिसेना.
मागून, पोत्यांच्या बाजूनं, एक बाई हसली,
नाकातून, अडवून धरलेलं सुटावं तसं.
मग दुसरी. मग खुर्च्या वाजल्या.
छकुली माइकशिवाय बोलत राहिली,
तिचा खरा आवाज बारीक आहे हे तेव्हा कळलं,
आणि ऐकायला लोक हसणं आवरत होते
आणि पुन्हा हसत होते.

लाइन आली तेव्हा सगळे ताठ.
यजमान दुपट्ट्यानं तोंड पुसत होते.
घाम होता की काय, मी विचारलं नाही.
ती पहिली हसणारी कोण, तेही
अजून कळलं नाही. डोमाजीबुवा म्हणतात,
शोधू नको.

काल नवा अर्ज भरला.
मुन्शी बदलला आहे, नवा पोरगा. त्यानंही तेच विचारलं.
इतरसमोर खूण केली, शिक्का मारला,
आणि कागद सोडायच्या आधी, इकडंतिकडं बघून,
"ते सहीवालं कोणतं होतं हो?"

खुर्च्या अजून चाळीसच आहेत.
शुक्रवारी सतरंजीही न्यावी लागेल.