जरी, तरी

चोडणच्या शाळेत एर्मेलिंडा टीचरांनी
माझ्या वाक्यातला 'बट' लाल शाईने खोडला.
'ऑल्दो' आहे ना सुरुवातीला? मग पुरे.
इंग्रजीत एकच लागतो.

आमच्यात दोन लागतात, मी म्हटलं.
जरी म्हटलं की तरी यावंच लागतं,
नाहीतर वाक्य धक्क्यावर उभं राहतं
फेरीबोट चुकलेल्या माणसासारखं.

टीचर हसल्या नाहीत.
त्यांच्या नवऱ्याचे चार नाताळ तारवावरच गेले,
हे सगळ्या वर्गाला ठाऊक.
फळा पुसता पुसता म्हणाल्या,
काही जणांना, बाय,
नुसत्या 'ऑल्दो'वर वाक्य पुरं करावं लागतं.

घरी येऊन तो खोडलेला 'बट'
मी पेन्सिलीने परत लिहिला,
अगदी बारीक.
मार्क गेला तो गेलाच.