फुली

पोस्टातून निवृत्त झाले, आता वरची खोली भाड्यानं देते.
फोंड्यात, साफा मशिदीपासून चार मिनिटांवर.
जानेवारीत ऑर्विल आला, डेट्रॉइटचा, बहात्तरचा,
गुडघे माझ्यासारखेच.
पहाटे वर बादली वाजायची. मी समजून असे.

चहाला बसला की बापाबद्दल बोले.
बाप मोटारींच्या कारखान्यात; शनिवारी पगार, रविवारी गटार.
मग कुणीतरी त्याला एका देवळात नेलं.
हो, ते त्याला देऊळच म्हणत.
आत खुर्च्या. इस्त्रीचा सूट, गळ्याशी बो, आणि पाठांतर:
माणूस मुळात काळा. गोरा मागाहून झाला,
एका शास्त्रज्ञानं बेटावर कलमं करून काढलेला सैतान.
देव रेशीम विकत दारोदार फिरला
आणि पत्ता न ठेवता गेला.
रोजे डिसेंबरात, दिवस आखूड म्हणून.
आडनावाच्या जागी फुली,
कारण होतं ते मळेवाल्याचं
आणि खरं होतं ते जहाजात राहिलं.

"हसू नका," तो म्हणाला. मी हसत नव्हते.
"त्या फुलीनं बापाची बाटली सुटली.
आईनं पहिल्यांदा त्याच्या पुढ्यात निर्धास्त ताट वाढलं."

तो चोविशीत असताना म्हातारे गुरू वारले.
मुलानं गादी घेतली, आणि एके दिवशी
खुर्च्या निघाल्या, चटया आल्या.
सैतानही बसेल शेजारी, वजू करून आला तर.
बापाला जमिनीला कपाळ टेकायला वर्ष लागलं.
"वाकणं त्यानं आधीच फार केलं होतं, बाई,
चुकीच्या लोकांसमोर."

अब्दुलगनी करोल मशिदीची झाडलोट बघतात.
तळीच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं.
"अल्लाला अंगच नाही, तर रंग कुठला?
तो कुणाच्या दारी कापड विकत नाही.
आणि शेवटचा निरोप पोचला. त्यानंतर पोस्टमन नाही."
(हे माझ्याकडे बघून.)
"यांच्या बापाचं होतं ते नाव आमचं, घर दुसरंच."
मग बराच वेळ चिऱ्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले.
"आम्ही तरी काय... परवा पुतणीचं स्थळ मोडलं.
सावळी म्हणून."

बाजारात एक पोर ओरडलं: "खाप्री! खाप्री!"
ऑर्विलनं अर्थ विचारला.
मी म्हटलं, आमच्या एका देवाचं नाव आहे.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.
अर्थ अब्दुलगनींनी सांगितला, खाली बघत:
अरबांचा काफिर, फिरंग्यांनी उचलला,
गुलामांच्या जहाजातून इथं उतरवला,
आमच्या तोंडात खाप्री झाला.
शब्दाचा धर्म वाटेत पडला, कातडं तेवढं उरलं.
ऑर्विल हसत सुटला, ठसका लागेपर्यंत.
"पन्नास वर्षं नमाज पढतोय मी!"

शुक्रवारी तो पहिल्यांदा उशिरा आला.
कौलांखालची जागा भरलेली; बाहेरच्या रांगेत
एका बाजूला सुंगटं विकणारा निसार,
दुसऱ्या बाजूला फरशी बसवणारा बिहारी पोरगा.
मी रस्त्यावरून बघत होते.
खांद्याला खांदा. गुडघा दुखतो म्हणून
पोरानं त्याला कोपराशी धरून उठवलं.
कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, तुमचा तो देव दाखवा.
माझ्या माहेरी, देवळाच्या आवाराबाहेर,
झाडाखाली काळा दगड. त्याला रोट, त्याला विडी.
आत त्याला जागा नाही.
कुणी म्हणतात, पळून आलेला गुलाम होता,
तापात इथंच मेला, मग राखण करू लागला.

ऑर्विलनं हात जोडले नाहीत. जोडणार नव्हताच.
काठी टेकून उभा राहिला. "नाव काय याचं? खरं नाव?"
मी भावाला विचारलं, भावानं गुरवाला.
नाव कुणालाच माहीत नाही.

मग तो हळूहळू खाली बसला, गुडघ्यांना शिव्या देत,
आणि दगडासमोरच्या तांबड्या धुळीत बोटानं
दोन रेघा ओढल्या, एकीवर एक आडवी.
गुरव म्हणाला, हे काय?
मी म्हटलं, आडनाव.