वीज गेल्यावर

माग चालू असतात तोवर माझं बरं चाललेलं असतं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चोवीस माग, त्यातले चार माझे,
आणि आवाज एवढा
की आग लागली तरी हातवारे करूनच सांगावं लागेल.
इथं सगळेच मुके.
कांडी संपली, दोन बोटं वर.
जॉबर हवा, मूठ पान्यासारखी फिरवायची.
जुनी माणसं ओठ वाचतात.
एवढ्यावर दिवस निघतो
आणि कुणाच्या लक्षातही येत नाही
की हा माणूस बोलत नाही.

मग एप्रिलातल्या दुपारी केव्हातरी वीज जाते.

धोटा अर्ध्या वाटेत थांबतो,
टॉवेलावरचा गुलाब अर्धाच राहतो.
तापलेल्या पत्र्याखाली नुसती माझ्या कानातली शिट्टी.
सगळे घाम पुसत लिंबाखाली जातात
आणि पाच मिनिटांत तिथं घर होतं.
मेरगूच्या भिशीचा घोळ,
कुणाच्या पोरीला भिवंडीहून आलेलं स्थळ,
शेंगाचटणीचा डबा या हातातून त्या हातात.
मला सगळं कळतं.
घरी कन्नड, मागावर तेलुगू, बाजारात मराठी,
तीन भाषा येतात मला.
तिन्हींत गप्प बसता येतं.

‘काय बे शिवशरण, रुसूलालास का आमच्यावर?’
नाही बे. रुसायला आधी जवळ असावं लागतं.
हे मी म्हणत नाही. हसतो,
आणि ते हसणंही जरा उशिरा पोचतं,
तोवर गोष्ट पुढं गेलेली असते.

वाईट कुणी नाही त्यांच्यात.
सरकून जागा देतात. मी बसतो,
आणि बसल्यावर ती जागा
आणखीच मोकळी दिसायला लागते.

लग्नाकार्यात मला एक युक्ती सापडलीय.
गेल्या गेल्या पाण्याचा जग उचलायचा.
वाढणाऱ्याला कोणी विचारत नाही, कसा आहेस,
फक्त म्हणतात, इकडं, इकडं थोडं.
बोल्लीच्या थोरलीच्या लग्नात चार पंगती पाणी वाढलं.
घरी येऊन चप्पल काढताना आठवलं,
आपण जेवलोच नाही.

लिंबाखाली जग नसतो.
म्हणून मी आत येतो, मागावर वाकतो,
तुटलेला धागा जोडतोय असं दाखवत.
धागा तुटलेला नसतो.
मग मीच एक तोडतो.
थुंकी लावून, चिमटीत पीळ देऊन, गाठ मारतो.
पुन्हा एक.
त्या दुपारी असे अकरा झाले.

अकराव्याला हातावर सावली पडली.
कांड्या भरणारी बालमणी अक्का.
चांगला धागा तुटताना तिनं पाहिला होता.
काही म्हणाली नाही.
चहाचा ग्लास मागाच्या लाकडावर ठेवला,
पापणीवरचा कापूस पुसला
आणि जाऊन आपल्या चाकापाशी बसली,
लिंबाकडे पाठ करून.

तीही बाहेर गेली नव्हती.
किती उन्हाळे गेली नव्हती?
मी आत असायचो खरा,
पण कान सगळा बाहेरच्या हसण्याकडे.

काहीतरी बोलायला हवं होतं.
वाक्य जुळवायला घेतलं,
आधी कन्नडात, मग ओढत तेलुगूत आणलं,
क्रियापद नीट बसवलं, मनात एकदा म्हणून पाहिलं.
साधंच होतं:
अक्का, चहा गोड झालाय.
तोंड उघडलं
आणि वीज आली.

सगळे पळत आत, खटक्यांवर खटके,
एकामागून एक चोवीस माग.
मी तरी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं.
मलाच ऐकू आलं नाही.
अक्कानं माझ्याकडे बघून मान हलवली,
कळलं म्हणून, की कांड्या मोजत होती म्हणून,
कोण जाणे.

उरलेला गुलाब पुरा झाला.
तो टॉवेल आता कुठल्या गावी, कुणाच्या खांद्यावर असेल.
अकरा गाठी आहेत त्यात.
दिसत नाहीत. हात फिरवला तर लागतात.