शंभराची पिशवी

पार्सल माझ्याच नावाचं, माझ्याच टपालात आलं.
वडनेर शाखा. सही घेणारा मी, सही करणारा मी.
खोकं फोडून पिशवी सरकारी काट्यावर ठेवली:
अकराशे शहात्तर.
एक बेरिंग बारा ग्रॅमची.
म्हणजे वर शंभर छापून आत अठ्ठ्याण्णव.
साडेसहाशे रुपयांत भांडायचं तरी कोणत्या तोंडानं.

तान्ह्या पोळ्याला सव्वीस दिवस होते.
शिवणीच्या लाकडाचे चोवीस बैल पडवीत,
पोटाला रंधा लागलेला, शिंगं अजून कोरी,
पायाखाली पाटी आणि पाटीला चाकं नाहीत.
चोवीस चोक शहाण्णव.
सगळ्या फिरल्या तर वर दोन उरतात,
असा हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर करून ठेवला होता.

रात्री गुणवंतराव पडोळे आले.
हिंगणघाटच्या जिनिंगात एकतीस वर्षं.
त्यांचे कान तिथंच राहिले, असं गाव म्हणतं.
पण पेचकसाचं टोक बेरिंगवर टेकवून
मूठ कानामागच्या हाडाला लावली
की त्यांना छर्‍याचं पोटातलंही ऐकू येतं.

बोल्टवर एकेक चढवायची,
टिचकी मारायची, मोजायचं.
पहिली सव्वीस सेकंद. "चालते."
दुसरी चार सेकंद, जात्यात खडा गेल्यासारखी.
तिसरी फिरलीच नाही. पेट्रोलच्या वाटीत टाकली,
पेट्रोल काळं झालं, ती तशीच.
चौथीवर जपानचं नाव कोरलेलं होतं.
मी नखानं खरवडलं,
जपान नखात आलं.

"छर्रे गोल नाहीत बे हे," गुणवंतराव म्हणाले,
"यायले फक्त वाटते का आपन गोल आहो."

दीड वाजेपर्यंत हेच.
एकतीस चांगल्या निघाल्या. शेहेचाळीस कुरकुरणाऱ्या.
चौदा अशा, की फिरतात, पण कमरेतून लचकतात.
सात पार बसलेल्या.
एकतिसांचा डबा मी फळीवर उंच ठेवला,
लग्नातली भांडी ठेवतात तसा.

पहिल्या बैलाला अर्थातच त्यातल्याच चार.
नेवारेंच्या चेतनाला बोलावलं, म्हटलं, ओढून पाहा.
पाण्याच्या टाकीकडे उतार आहे आमच्या गल्लीला.
बैल तिच्या पुढं निघाला.
दोरी ढिली पडली, तो तिच्या घोट्यावर आपटला,
वळला, आणि नालीत तोंड घालून उलटा पडला,
चारही चाकं वर, मजेत गरगरत.

"हा बैल नाही, सायकल आहे," ती म्हणाली.

मी चिडून दुसऱ्याला कुरकुऱ्या लावल्या.
घर्र. घर्र. थांबला.
तिनं दोरी खांद्यावर घेतली, वाकून ओढली.
घर्र. धुळीत चार जाड रेघा.
चढावर तिनं त्याच्याशी काहीतरी बोलून घेतलं,
मला ऐकू आलं नाही.
परत आली तेव्हा घामेजली होती.
"मला हाच. हा दमतो."

व्यापाऱ्याला मात्र यात मी काही माफ केलं नाही.
दोन कमी, सात मेलेल्या, असं कार्ड लिहून
माझ्याच पेटीत टाकलं, माझ्याच हातानं शिक्का मारला.
उत्तर यायचंय.

एक्क्याण्णवांत बावीस बैल पुरे झाले.
तेविसाव्याला तीनच पुरल्या.
चौथ्या पायाला करवतीनं कापलेली लाकडी चकती,
तो लंगडतो, आणि त्याच्यावरून दोन पोरांची मारामारी झाली.
चांगल्यांचे बैल मोठ्या पोरांनी नेले,
त्यांना शर्यत लावायची होती बोजारा मिळायच्या आधीच.

चोविसाव्याला बसलेल्याच चार ठोकल्या.
तो टपालाच्या काउंटरवर असतो.
मनीऑर्डरचे फॉर्म त्याच्या पाटीखाली,
पंखा पाचवर असला तरी हलत नाहीत.

उरलेल्या तीन गुणवंतरावांनी नेल्या,
घासलेटात बुडवून, लोणच्याच्या बरणीत.
रोज अकराला येतात, पेन्शनचं विचारतात,
मग काउंटरवर कोपर टेकवून हळूच सांगतात,
"आज एक केसभर हालली."