नोंद क्रमांक ४१२

बुधवारी जुन्या बाजारात मिळाली, पिवळी कॅसेट.
लेबलवर : ९९९९ इन १.
मोजले. सव्वीस निघाले,
बाकी तेच, शर्ट बदलून.

नियम तिसरा : छापलंय तसंच लिहा.
शार्दूल म्हणतो, म्हणजे खोटं लिहायचं?
केतकी म्हणते, खोटं कसलं, नाव आहे ते.
यावर धनकवडीत रात्रीचे दोन वाजतात,
चहा पुन्हा गरम होतो.

प्रकार : धावणे, उड्या, गोळीबार, इतर.
'इतर'मध्ये एव्हाना एकशे सत्तर जण
दाटीवाटीने बसलेत.

सतरावा गेम, टोपलीत अंडी झेलायचा.
मूळ नाव जपानी, आमच्यात कुणालाच वाचता येत नाही.
आमच्या बोळात त्याला अंडेवाला म्हणायचे.
मी 'इतर नावे'मध्ये टाकलं :
अंडेवाला, नारायण पेठ, सत्त्याण्णवची सुट्टी.
पुरावा? शार्दूल विचारतो.
अरे, जिलब्या मारुतीकडे
कुणी मागितला होता?

मग कॅसेट उलटी केली.
कर्कटकानं कोरलेलं :
निनादची आहे. खेळून झाली की परत दे.

याला रकाना नाही.
तिघंही जरा गप्प.
शेवटी 'स्थिती'समोर लिहिलं :
मागे ओरखडे.
वाचता येतात.